पंपाचा डोंगर

मी एकतीस वर्षं डोंगरावर नोकरी केली. डोंगर चाकणला होता, आमच्या कंपनीच्या तळमजल्यावर, कँटीनच्या मागे. जाड भिंतींची एक खोली, आत एक इंजिन आणि बाहेर भलामोठा पंप. पंप चालू केला की खोलीतली हवा ओढली जायची आणि पातळ व्हायची. हवेच्या दाबाच्या मीटरवर चौऱ्याण्णव म्हणजे चाकण. त्र्याहत्तर म्हणजे मनालीच्या वरची गावं. बासष्ट म्हणजे हिमालयातली खिंड, जिथे माणसाला चार पावलं टाकली की दम लागतो. इंजिनाला काय कळतंय आपण कुठे आहोत ते! त्याला मिळते तेवढी हवा, बाकी जग त्याच्या गावीही नसतं. त्या खोलीला आम्ही ‘डोंगर’च म्हणायचो. फर्स्ट शिफ्टला सुपरवायझर विचारायचा, “डोंगरावर कोण आहे आज?” आणि मी हात वर करायचो.

खरा डोंगर मात्र मी पाहिलेला नव्हता. म्हणजे भीमाशंकर पाहिलेला, शिवनेरी चढलेला. पण बर्फाचा डोंगर नाही. दरवर्षी कंपनीतली डिग्रीवाली मुलं गाड्या घेऊन लडाखला टेस्टिंगला जायची. मी डिप्लोमावाला. पहिल्या वर्षी साहेब म्हणाले, “तू गेलास तर इथला डोंगर कोण सांभाळणार?” मला ते कौतुक वाटलं आणि पुढची कितीतरी वर्षं मी त्या कौतुकावरच काढली. मुलं परत येताना माझ्यासाठी जर्दाळूचं पाकीट आणायची. घरी मंगल, म्हणजे माझी बायको, ते पाकीट फोडताना म्हणायची, “आले तुमचे लडाखचे आहेर.”

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. रिटायरमेंटच्या दोन वर्षं आधी साहेबांनी मला खरंच विचारलं होतं, “या वर्षी येतोस का?” मी छातीत दुखतं म्हणून सांगितलं. काही दुखत नव्हतं. मला भीती वाटली की वर गेल्यावर माझे आकडे चुकीचे निघाले तर? खोलीत मी राजा होतो. तिथे जाऊन पोरांसमोर शोभा करून घेण्यापेक्षा माझा पंपाचा डोंगर बरा होता.

रिटायर झाल्यावर भोसरीत एक गाळा भाड्याने घेतला आणि गाड्यांचं ट्यूनिंग सुरू केलं. पिंपळे गुरवहून सकाळी डबा घेऊन निघतो. आता हे ट्यूनिंग म्हणजे काय, ते मंगल माझ्यापेक्षा सोपं सांगते. तिच्या हिशेबाने हवा म्हणजे तांदूळ आणि पेट्रोल म्हणजे पाणी. पाणी कमी पडलं तर भात करपतो, जास्त झालं तर गिच्च होतो. पूर्वी हे पाणी कार्बोरेटरचा स्क्रू पिळून ठरायचं. हल्लीच्या गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्याच्या पोटात एक तक्ता. इंजिन किती फेऱ्यांनी फिरतंय आणि तुम्ही ॲक्सिलरेटर किती पिळलाय, या दोन्हींच्या जोडीला एकेक चौकोन, आणि चौकोनात आकडा: इतकं पेट्रोल सोड. याला मॅप म्हणतात. कंपनीने तो आपल्या स्वतःच्या सायलेन्सरवर बेतलेला असतो. गिऱ्हाईक हौसेने बाहेरचा सायलेन्सर लावतं, धूर भराभर निघून जातो, आत हवा जास्त येते आणि तक्ता चुकतो. तांदूळ वाढला, पाणी तेवढंच. तीच गाडी डोंगरावर नेली की उलटं, तांदूळ घटला आणि पाणी तेवढंच. मी बसून चौकोनाचौकोनात पाण्याचं माप दुरुस्त करतो. काम शिंप्यासारखं किचकट आहे, पण मला आवडतं.

गिऱ्हाईकं एकेक भारी येतात. म्हाळुंग्याचा एक पैलवान आला. म्हणाला, “काका, गाडी गावात शिरली की घरात चहाचं आधण पडलं पाहिजे, असा आवाज काढून द्या.” मी मॅप नीट करून दिला, आवाज त्याच्या सायलेन्सरला मुळातच होता. पंधरा दिवसांनी त्याची आई रिक्षाने गाळ्यावर आली. “माझा ल्योक येतोय ह्ये मला आख्खी आळी येऊन सांगती,” ती म्हणाली. “म्हातारी माणसं दचकत्यात. कमी करा त्ये.” पैलवान मान खाली घालून मागे उभा होता. मी जुना सायलेन्सर परत लावून दिला आणि मॅपही जुना टाकला. त्या बाईंनी मला डझनभर अंडी दिली.

माणच्या आयटी पार्कमधला एक मुलगा माझ्याकडून मोटरसायकल ट्यून करून लडाखला गेला आणि विनातक्रार परत आला. वाटेत मनालीच्या पुढे एका खेड्यात तो टेकराम नावाच्या माणसाच्या घरी उतरला होता. तिथे त्याने माझी बरीच वाहवा केली असावी. कारण मे महिन्यात मला एक फोन आला आणि पलीकडचा माणूस पहिल्याच वाक्यात मला ‘गुरुजी’ म्हणाला. टेकराम अर्थातच हिंदीत बोलायचा. माझी हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली, तेव्हा त्याचं बोलणं मी इथे मराठीतच देतो.

टेकरामकडे बर्फावर चालणारी स्कूटर होती. तिला मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा असतो आणि पुढे दोन घसरपट्ट्या. हिवाळ्यात पर्यटकांना बर्फातून वर नेऊन आणायचं, हा त्याचा धंदा. गाडी जुनी, कुणाकडून तरी घेतलेली, आणि आधीच्या मालकाने तिला बाहेरचा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलेला. गावात गाडी झकास चालायची. पण वर चढत गेलं की खिंडीच्या अलीकडच्या शेवटच्या चढावर खोकायला लागायची आणि मरायची. एकदा मेली की दोरी ओढून ओढून खांदे निखळले तरी चालू व्हायची नाही. पर्यटक शिव्या घालत पायी उतरायचे. गावात तिला ‘लंगडी घोडी’ म्हणायला लागले होते. त्यात खालच्या मोठ्या हॉटेलच्या मालकाने त्याला सांगितलं होतं, “नाताळच्या आधी मला पार टोकापर्यंत नेऊन दाखव. दाखवलंस तर या हॉटेलचे सगळे पाहुणे तुझे. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.”

“गुरुजी,” टेकराम म्हणाला, “दुसरा माणूस आला तर मला हिवाळ्यात खाली चंदीगडला जाऊन चौकीदारी करावी लागेल. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तेच करत होतो. परत नको.”

मी म्हटलं, गाडी पाठवा. चाकणहून नव्या मोटारी उत्तरेला पोचवणारे ट्रेलर परतताना रिकामे येतात. अशाच एका ट्रेलरवर ताडपत्रीखाली बसून ती गाडी आली आणि तिच्याबरोबर लोकरीची टोपी घालून टेकरामही आला. मे महिन्याचं ऊन. टोपी त्याने चार दिवस काढली नाही. म्हणाला, डोकं उघडं टाकून गुरुजींच्या कामावर कसं उभं राहायचं?

आमच्या गल्लीतल्या सगळ्या गाळ्यांतली माणसं काम टाकून बघायला आली. शेजारचे शंकरअण्णा लेथवाले. मूळचे मावळातले, सत्तरी जवळ आली तरी हातात दहा मायक्रॉनचा नेम. त्यांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या.

“चाक न्हाई?” ते म्हणाले.

“नाही.”

“आन् म्होरं घसरगुंडी. राव, ही गाडी हाय का बालवाडीतलं खेळणं?”

अडचण तीच होती. माझ्याकडे गाडीची ताकद मोजायचं जे मशीन आहे त्यावर चाक फिरवावं लागतं. इथे चाकच नाही. शंकरअण्णांनी इंजिनाच्या दांड्याला कॅलिपर लावला, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तीन मापं लिहिली आणि संध्याकाळी इंजिन थेट माझ्या मशीनला जोडणारा पोलादी तुकडा आणून दिला. गच्च, पण हाताने बसेल असा. भोसरीत हे असं आहे. ड्रॉइंग मागत बसू नका, वस्तू न्या.

पेट्रोलचं माप बदलणारी एक छोटी पेटी गाडीत बसवली आणि चार दिवस मी त्या तक्त्यावर बसलो. उंचीचं काय करायचं? कंपनीचा डोंगर आता माझा नव्हता. मग मी युक्ती केली. गाडीत हवेचा दाब मोजणारा करंगळीएवढा सेन्सर असतो. की, म्हणजे चावी, फिरवली की कॉम्प्युटर त्याला एकदा विचारतो, बाहेर हवा किती? ते उत्तर लक्षात ठेवतो आणि त्यावर पाण्याचं माप ठरवतो. त्या सेन्सरच्या नळीला हातपंप लावून मी कॉम्प्युटरला फसवत होतो. तू आता गावात आहेस, तू आता चढावर, तू आता खिंडीत. प्रत्येक वेळी कंपनीतली जुनी शिस्त: की बंद, दहा आकडे मोजायचे, की चालू, मग रीडिंग. ही सूचना एकतीस वर्षं माझ्या डोंगराच्या दारावर लावलेली होती. ती मला वाचावी लागत नसे, हात आपोआप जायचा.

राहता राहिली थंडी. माझे साडू बाळासाहेब, त्यांचं राजगुरुनगरजवळ मटारचं कोल्ड स्टोरेज आहे. आत शून्याच्या खाली अठरा. मी म्हटलं, एक रात्र गाडी आत ठेवू आणि सकाळी चालू करून बघू.

“साडूभाऊ,” बाळासाहेब म्हणाले, “माझ्या मटाराला धुराचा वास लागला तर लोकं पुलावातून पेट्रोल खातील.”

“नळी लावून धूर बाहेर काढतो.”

“आन् बाहेर आमची मंडळी काय बोलतील त्याचा धूर कुठनं काढू?”

पण माणूस दिलदार. सकाळी ते स्वतः घोंगडी पांघरून आत आले. टेकराम मात्र नुसत्या शर्टवर आत शिरला आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. “आता बरं वाटलं,” म्हणाला. त्याने दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला गाडी धडधडायला लागली आणि मटारच्या पोत्यांमध्ये आम्ही तिघांनी टाळ्या पिटल्या. मी टेकरामच्या हातावर हात मारला आणि शब्द दिला, “आता ही टोकापर्यंत जाणार. नाही गेली तर मी स्वतः येऊन ढकलीन.”

डिसेंबरात फोन आला. आवाज पडलेला. गावात गाडी पूर्वीपेक्षा कितीतरी छान पळते, पण शेवटच्या चढावर तेच. खोकते, प्लग काजळीने काळाठिक्कर होतो आणि मरते. नाताळाला दहा दिवस उरले होते. मी त्याला फोनवर सतरा प्रश्न विचारले. प्लग कुठला, पेट्रोल कुठलं, तेल किती, सेन्सरची नळी सुटली का, उंदराने वायर खाल्ली का. त्याने निमूटपणे सगळी उत्तरं दिली. सगळी बरोबर होती.

त्या दिवशी जेवताना मंगलने दोनदा भाजी वाढली, मी दोनदा खाल्ली, कसली होती ते आठवत नाही. मला जी भीती साहेबांसमोर वाटली होती ती जिना चढून घरात आली होती. खोलीतले आकडे डोंगरावर चुकले होते, आणि त्या चुकीपायी एक माणूस चौकीदारीला जाणार होता.

मंगल म्हणाली, “जाऊन बघा की.”

“एवढ्या लांब?”

“ढकलीन म्हणून शब्द दिलाय ना तुम्ही? मग जा आणि ढकला. मीही येते. एकतीस वर्षं नुसते जर्दाळू खाल्ले.”

चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे बस. बॅगेत लॅपटॉप, हातपंप, सोल्डरिंगची सळई, जुने सेन्सर भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि मंगलची लसणाची चटणी. सकाळी बस एका वळणावर आली आणि समोर सगळं पांढरं. मंगल काही मोठं बोलेल म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “अगंबाई, एवढं डिफ्रॉस्ट कोण करणार?”

पहिले दोन दिवस मी गाडी उघडून बसलो. सगळं जागच्या जागी. गावातल्या अंगणात हातपंप लावून खिंडीचं रीडिंग घेतलं, तेही अचूक. की बंद, दहा मोजले, की चालू, बासष्ट, पेट्रोल बरोबर. वर मात्र मरते. मला स्वतःचीच चीड यायला लागली. टेकरामची बायको जेवायला वाढताना माझ्याकडे अशा नजरेने बघायची की घास उतरत नसे. ती वाईट नजर नव्हती. आशेची होती, म्हणूनच उतरत नसे.

तिसऱ्या दिवशी टेकराम म्हणाला, अर्ध्या वाटेपर्यंत तरी चला, हवा खा. त्याने आधी मंगलला नेऊन सोडलं, मग मला. तिथे एक चहाची टपरी आहे, दगडांची, वर पत्रा. आम्ही गरम पेले हातात धरून बसलो. गाडी दारात उभी, धडधड चालू. पहिला चहा झाला, दुसरा झाला, टेकराम टपरीवाल्याशी गप्पा मारतोय, गाडी चालूच.

मंगल अस्वस्थ व्हायला लागली. आमच्याकडे सिग्नल लाल झाला की ती मागून माझ्या पाठीत बोट टोचते, स्कूटर बंद करा म्हणून. ती मला म्हणाली, “अहो, हे गाडी बंद का करत नाहीत? पेट्रोल काय फुकट येतं का इथे?”

“थंडी आहे, असेल काहीतरी.”

तिचं समाधान होईना. तिने थेट विचारलं, “भैया, गाडी बंद कायको नहीं करते?”

टेकराम हसला. म्हणाला, “भाभीजी, ही सकाळी गावात एकदा चालू होते आणि संध्याकाळी गावातच बंद होते. मध्ये बंद केली तर पुन्हा चालू कोण करणार? इथे सगळेच असं करतात.”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

की फिरवली की कॉम्प्युटर बाहेरची हवा मोजतो. एकदाच. सकाळी गावात की फिरली, त्याला उत्तर मिळालं: त्र्याहत्तर. मग दिवसभर गाडी कितीही वर जावो, त्याच्या मते तो गावातच होता. खिंडीजवळ तांदूळ मूठभर उरला आणि हा आपला गावाच्या मापाने पाणी ओततोय. भाताची पेज होणार नाही तर काय? आणि ते लोक बंद का करत नव्हते? कारण एवढं पेट्रोल पिऊन तुंबलेली गाडी बंद झाली की वर पुन्हा चालू होत नसे. चालू होत नाही म्हणून बंद करायची नाही, आणि बंद करत नाहीत म्हणून चालायची नाही. मी भोसरीत, कोल्ड स्टोरेजमध्ये, त्यांच्या अंगणात, प्रत्येक ठिकाणी आधी की बंद केली होती. फोनवर सतरा प्रश्न विचारले, पण गाडी बंद कधी करता हे विचारलं नाही. गाडी बंद न करणारा माणूस जगात असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या दारावरची सूचना हिमालयात कुणी लावलेली नव्हती.

मी मोठ्याने हसायला लागलो. टपरीवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला उंची लागली. त्याने माझ्या डोक्यावर घोंगडी टाकली.

सोपा उपाय होता. टपरीपाशी एकदा की बंद करून चालू करायची. टेकरामने दोन्ही हात जोडले. “गुरुजी, दुसरं काहीही सांगा. हॉटेलवाला मागे बसलेला असताना मी गाडी मध्येच बंद करू? चालू झाली नाही तर?” मला आधी राग आला. मग वाटलं, बरोबर आहे त्याचं. गाडीने त्याला दोन वर्षं दगा दिलाय, त्याने माझ्या एका वाक्यावर का विश्वास ठेवावा? शिवाय माणसाची सवय यंत्राप्रमाणे बदलायला सांगणं हे आमच्या धंद्यातलं आळशीपण आहे. यंत्र सवयीप्रमाणे बदलायचं असतं.

बिस्किटांच्या डब्यात भंगारातल्या एका मोटरसायकलचा दाबाचा सेन्सर होता. मे महिन्यात पेट्रोलचं माप बदलायला मी गाडीत जी पेटी बसवली होती तिला एक वायर मोकळी होती. ठरवलं, हा दुसरा सेन्सर लावायचा. त्याला दुसरं काही काम नाही, फक्त सतत बाहेरची हवा मोजत राहायचं आणि पेटीला सांगत राहायचं. टेकरामच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. वीज गेलेली, म्हणून सळई चुलीत तापवली. लॅपटॉपची बॅटरी थंडीने मान टाकायला लागली, तेव्हा मंगल तो शालीत पोटाशी धरून बसली आणि मला लागेल तेव्हा वरचं टोक उघडून दाखवायची. तक्त्यातले खिंडीजवळचे चौकोन मी असे बायकोच्या पदराखाली दुरुस्त केलेत. एकतीस वर्षांत इतकं सुबक काम माझ्या हातून झालं नव्हतं, आणि हे मी फुशारकीनेच लिहितोय.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाला आला. काळा गॉगल, पोट पुढे. गाडीवर दोघांचीच जागा. पुढे टेकराम, मागे तो. म्हणजे मी पुन्हा खालीच. हसू आलं, जरा वाईटही वाटलं.

गाडी गेली. मंगल आणि मी अंगणात उभे राहिलो. दिसत काही नव्हतं, फक्त आवाज. त्या बाहेरच्या सायलेन्सरला मी मनात कितीदा शिव्या दिल्या असतील, पण त्या दिवशी त्याच्यामुळेच मला सगळं ऐकू येत होतं. टपरी गेली. आवाज वळणामागे गेला, पुन्हा आला. मग शेवटचा चढ. टेकरामची बायको हातातलं भांडं तसंच धरून दारात आली. आवाज चढला, आणखी चढला, बारीक झाला आणि थांबला.

“बंद पडली?” मंगलने विचारलं.

मला ठाऊक होतं की चढापलीकडे गेल्यावर आवाज डोंगराआड जाणार. ठाऊक होतं, तरी कानामागे हात धरून मी पुढे सरकलो.

बऱ्याच वेळाने आवाज परत आला. धडधड तशीच, एकदाही न खोकता. हॉटेलवाल्याने अंगणात उतरून गॉगल काढला, टेकरामशी हात मिळवला आणि म्हणाला, “परवापासून सहा पाहुणे आहेत.” टेकरामच्या बायकोने ते भांडं खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. मग तिने मंगलला मिठी मारली. त्या दोघी काय बोलल्या कुणास ठाऊक, भाषा तर एकीची दुसरीला येत नव्हती.

टेकराम गाडीवरून उतरला नव्हता. त्याने मागची जागा हातमोज्याने झटकली.

“गुरुजी, बसा.”

एकसष्टाव्या वर्षी मी बर्फाच्या गाडीवर बसून खिंडीत गेलो. शेवटच्या चढावर डोळे मिटून नुसतं इंजिन ऐकत होतो, आजूबाजूचं काही बघितलं नाही, याबद्दल मंगल अजून मला बोलते. टोकावर टेकराम थांबला. गाडी अर्थातच चालू. मी पुढे हात घातला आणि की बंद केली.

टेकरामचा चेहरा पडला. मी दहा आकडे मोजले, मराठीत, मोठ्याने. की चालू केली आणि दोरी ओढली. पहिल्याच ओढीला गाडी चालू झाली.

पेटीच्या छोट्या पडद्यावर आकडा होता, बासष्ट. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. एकतीस वर्षं मी हा आकडा पंपाने ओढून आणत होतो. काटा सरकायला वेळ लागायचा, झडप जरा जास्त फिरली की तो पुढे पळायचा, पुन्हा मागे आणावा लागायचा. इथे कुणी पंप लावलेला नव्हता. बासष्ट नुसता हवेत होता, आणि माझा तक्ता त्याला बरोबर होता.

टेकरामने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग दिवसभर गाडी बंद न करणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या हाताने की फिरवली आणि गाडी बंद केली.

“बसा गुरुजी,” तो म्हणाला. “घाई काय आहे?”

सगळं शांत झालं. मला आमच्या सुपरवायझरची आठवण झाली, त्याची ती सकाळची हाक, “डोंगरावर कोण आहे आज?” मी हात वर केला. टेकरामला वाटलं मी खाली कुणाला तरी हात करतोय, म्हणून त्यानेही केला.